पावसात उभ्या गाडीचा हँडब्रेक जाम झालाय? आधी रेटारेटी थांबवा

आषाढातली गोष्ट. आमच्या शेजारी रात्री अकराला म्हातारीच्या छातीत कळ आली. दारात गाडी होती, पण पंधरा दिवस पावसात उभी आणि हँडब्रेक ओढलेला. खाली केला तरी गाडी हलेना. पोरानं तशीच रेटली. दोन किलोमीटरवर मागच्या चाकातून जळका वास अन् धूर. शेवटी भाजीच्या पिकअपमधून दवाखाना गाठला. म्हातारी वाचली, पण अर्धा तास वाया गेला.

असं का होतं?
बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. हँडब्रेक ओढला की केबल ताणते आणि लायनर ड्रमला आतून दाबून बसतात. ओल राहिली की गंज धरतो आणि लायनर तिथंच चिकटतात. कधी केबलच गंजते आणि मागे सरकत नाही.

काय करायचं?
१) रस्ता उताराचा असेल तर गाडीला हात लावू नका, मेकॅनिक बोलवा. ब्रेक अचानक सुटला तर गाडी पळते.
२) सपाटीवर हँडब्रेक थोडा वर ओढा, बटण दाबून पूर्ण खाली सोडा. असं पाच-सहा वेळा करा.
३) गाडीच्या पुढची-मागची माणसं बाजूला करा. इंजिन चालू करून हलकेच पहिला गिअर, मग रिव्हर्स टाका. 'टक्क' आवाज आला की समजा सुटला.
४) तरी नाही सुटला तर पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावा, जॅकवर मागचं चाक काढा आणि ड्रमवर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीनं हलके ठोके द्या. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली शिरू नका.

सुटल्यावर थोडं चालवून मागच्या चाकांजवळ हात न लावता धग बघा. एकच चाक जास्त तापलं असेल तर ब्रेक अजून धरतोय. गॅरेज गाठा. बटणावर चालणारा इलेक्ट्रॉनिक हँडब्रेक असेल तर यातलं काही करू नका.

पुन्हा होऊ नये म्हणून
गाडी जास्त दिवस उभी ठेवायची असेल तर सपाट जागेवर पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकांना दगड लावा आणि हँडब्रेक सोडून ठेवा. धुतल्यावर थोडी चालवून दोन-चार वेळा ब्रेक दाबा, म्हणजे ड्रम सुकतात. आठवड्यातून एकदा गाडी हलवाच.

आणि माणूस अत्यवस्थ असेल तर गाडीशी झटत बसू नका. आधी १०८ ला फोन लावा.