लघुउद्योगांची थकीत देयके आणि रोजगार

नागपूर शहराच्या पश्चिमेस हिंगणा मार्गावर महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या या महामंडळाने मुंबई-पुण्याबाहेर उद्योग नेण्याचे जे कार्य हाती घेतले, त्याचे विदर्भातील हे एक ठळक उदाहरण होय. वानाडोंगरी, डिगडोह, निलडोह ही गावे या वसाहतीच्या आधाराने वाढली.

येथे ट्रॅक्टरनिर्मितीसारखे मोठे उद्योग आहेत, तसेच सुटे भाग, ओतकाम व यंत्रकाम करणारे लहान कारखानेही आहेत. लहान कारखान्यात यंत्रांच्या मानाने माणसांचे काम अधिक असते. त्यामुळे गुंतविलेल्या प्रत्येक रुपयामागे तेथे तुलनेने अधिक हातांना काम मिळते. आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या तरुणाची पहिली नोकरी पुष्कळदा अशाच कारखान्यात असते.

परंतु हा रोजगार एका नाजूक धाग्यावर टिकून असतो. तो धागा म्हणजे खेळते भांडवल. समजा, एखादा कारखाना दरमहा दहा लाख रुपयांचा माल पुरवितो. देयक ४५ दिवसांत मिळाले तर त्याचे पंधरा लाख रुपये अडकून राहतात. १२० दिवस लागले तर चाळीस लाख. पोलाद, वीज आणि मजुरी यांचे पैसे मात्र वेळेवरच द्यावे लागतात. वाढीव पंचवीस लाखांचे कर्ज न मिळाल्यास मालक प्रथम नवी भरती थांबवितो आणि नंतर पाळी बंद करतो. मागणी असूनही रोजगार बुडतो, तो असा.

यावर उपाय म्हणून सूक्ष्म, लघु व मध्यम उपक्रम विकास अधिनियम, २००६ मध्ये तरतूद आहे. सूक्ष्म वा लघु पुरवठादाराचे देयक लेखी करार असल्यास त्यातील मुदतीत, परंतु जास्तीत जास्त ४५ दिवसांत, आणि करार नसल्यास १५ दिवसांत चुकते केले पाहिजे. विलंब झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, मासिक चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. पुरवठादारास सुलभीकरण परिषदेकडे दादही मागता येते. १ एप्रिल २०२४ पासून या तरतुदीस आयकर कायद्याचीही जोड मिळाली. मुदतीत न दिलेली रक्कम प्रत्यक्ष चुकती होईपर्यंत खरेदीदारास खर्च म्हणून वजा करता येत नाही.

कायदा असला तरी मोठ्या गिऱ्हाइकाविरुद्ध तक्रार केल्यास पुढचे काम जाईल, या भीतीने अनेक जण गप्प बसतात. शिवाय कित्येकांची ‘उद्यम’ नोंदणीच झालेली नसते. २०२० साली सुरू झालेली ही नोंदणी विनामूल्य असून ती माल पुरविण्यापूर्वीच करणे हिताचे ठरते.

म्हणूनच पंचायत सदस्यांनी आपल्या गावातील लहान कारखानदारास नोंदणीसाठी जिल्हा उद्योग केंद्राची वाट दाखवावी. शिक्षकांनी होतकरू विद्यार्थ्यांना यंत्रकामाबरोबर करार आणि देयक यांचेही ज्ञान द्यावे. अधिकाऱ्यांनी आपल्या कार्यालयात पडून असलेली लघुउद्योगांची देयके आधी निकाली काढावीत. वेळेवर निघालेला एक धनादेश कुणाच्या तरी घरची चूल पेटती ठेवतो, हे विसरून चालणार नाही.