मज्जारज्जूचा प्रगत एमआरआय : काय दाखवतो, कोणाला लागतो?

हातापायांना मुंग्या येतात, चालताना पाय जड होतो, लघवी आवरत नाही. वस्तीतल्या एखाद्या तरुण मुलीने असं सांगितलं की घरातून उत्तर येतं, अशक्तपणा आहे, टॉनिक घे. बहुतेक वेळा कारण साधंच असतं. पण त्रास दिवसभराहून जास्त टिकला, जाऊन पुन्हा आला किंवा एका डोळ्याने अंधूक दिसू लागलं, तर मल्टिपल स्क्लेरोसिस म्हणजे एमएसची शंका घ्यावी लागते. हा आजार बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांत जास्त आढळतो. तो स्पर्शाने पसरत नाही.

यात शरीराची रोगप्रतिकारशक्ती आपल्याच मज्जातंतूंवर उलटते. विजेच्या वायरीवर प्लॅस्टिक असतं, तसं मज्जातंतूंवर मायलिनचं आवरण असतं. ते सोलवटलं की मेंदूचा निरोप अडतो.

साध्या एमआरआयत मेंदूतले व मज्जारज्जूतले डाग दिसतात. पण कधी डाग थोडे आणि त्रास मोठा असतो, कारण वरून निरोगी दिसणारा भागही आतून बिघडलेला असू शकतो. तिथे डिफ्यूजन एमआरआय उपयोगी पडतो. मज्जारज्जूत तंतू उसाच्या मोळीसारखे उभे असतात. त्यातलं पाणी लांबीच्या दिशेने सहज सरकतं, आडवं अडतं. आवरण किंवा तंतू खराब झाले की पाणी आडवंही पसरतं. मशीन तेच मोजतं. १९९४ मध्ये डीटीआय ही पद्धत आली. २०१२ च्या नॉडी पद्धतीने तंतू किती दाट उरलेत याचा अंदाज घेता येतो.

अडचण अशी की मज्जारज्जू बोटाएवढाच जाड असतो, आणि श्वास व हृदयाच्या ठोक्यांनी चित्र हलतं. म्हणून मज्जारज्जूची ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनात आहे. निदानाला लक्षणं, डॉक्टरांची तपासणी, साधा एमआरआय आणि गरज पडल्यास पाठीतल्या पाण्याची तपासणी लागते.

म्हणून आमचं सांगणं आहे, 'प्रगत' या शब्दासाठी कर्ज काढू नका. आधी डॉक्टरांना विचारा, 'या तपासणीने उपचारात काय बदलेल?' एमआरआयत क्ष-किरण नसतात, पण शरीरात पेसमेकर किंवा धातू असेल तर आधी सांगा.

निदान मात्र लांबवू नका. वेळेवर औषध सुरू झालं तर झटके कमी होतात. दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये एमएसचा समावेश आहे. प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी अर्ज करा.