गोळ्यांची पुडी आणि सोमवारचं तिकीट

नागोठण्याचा कारखाना, धाटावची एमआयडीसी, डोलवीचं स्टील. आपल्या पेण-रोह्याच्या वाड्यांतली मुलं वेल्डिंग, फिटिंग, रिगिंग इथंच शिकतात. चार-दोन शटडाऊनची कामं हातून गेली की मुंबईच्या एजंटाचा फोन येतो आणि घरात पासपोर्टची गोष्ट निघते. दुबई, अबुधाबी, सौदी, कतार. पगार किती, राहायला कुठं, सुट्टी कधी, सगळं विचारलं जातं. एक प्रश्न मात्र कुणी एजंटाला विचारत नाही, कारण तो घराबाहेरच जात नाही. मुलाला मनोविकाराच्या डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, त्यांचं तिकडे काय करायचं?

माझ्याकडे हा प्रश्न येतो तो दिवेलागणीनंतर, आणि बहुधा आई घेऊन येते. मुलगा बाहेर मोटारसायकलवर बसून असतो. "ताई, सोमवारचं तिकीट आलंय. गोळ्या नेऊ देतात का?" तिकीट सोमवारचं आणि विचारायला येतात शुक्रवारी. या कामाला किमान तीन महिने लागतात, म्हणून हा लेख.

बहुतेक वेळा घरच्यांनी उत्तर आधीच ठरवलेलं असतं. आता बरा आहे, कामाला जातो, जेवतो, झोपतो. उगाच विमानतळावर पकडतील. बंदच करू गोळ्या. हे उत्तर सगळ्यांत धोक्याचं. तो बरा आहे तो गोळीमुळे बरा आहे, जसा शुगरवाला इन्सुलिनमुळे असतो. क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम अशी झोपेची किंवा घाबरेपणाची गोळी महिनोन्महिने चालू असताना एकदम थांबवली तर झोप उडते, अंग थरथरतं, काहींना फिट येते. उदासीवरच्या एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन, पॅरॉक्सेटिन या गोळ्या अचानक सोडल्या तर चक्कर, मळमळ, चिडचिड, डोक्यात करंट गेल्यासारखं वाटणं हे होतं. स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या गोळ्यांचं आणखी फसवं आहे. सोडल्यावर पुष्कळदा काही आठवडे काहीच होत नाही. घरच्यांना वाटतं, बघा, गरजच नव्हती. मग आजार उलटतो तो तिकडे, कॅम्पमधल्या सहा-आठ जणांच्या खोलीत, जिथे त्याच्या आजाराचं नाव कुणाला ठाऊक नसतं. रात्र-रात्र जागणारा, एकटाच बोलणारा, शेजारच्या खाटेवरच्या माणसावर संशय घेणारा माणूस तिथल्या सुपरवायझरला आजारी दिसत नाही, भांडखोर दिसतो.

पुडीतल्या गोळीला नाव हवं

खाजगी डॉक्टरकडे जाणाऱ्याच्या हातात छापील चिठ्ठी असते, दुकानाचं बिल असतं, अख्खी पट्टी असते. आपली माणसं औषध आणतात सरकारी रुग्णालयातून. पेण किंवा रोह्याचं उपजिल्हा रुग्णालय, अलिबागचं जिल्हा रुग्णालय, नाहीतर थेट ठाण्याचं मनोरुग्णालय. तिथं औषध मोफत मिळतं आणि तो उपकार नव्हे. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १८ प्रमाणे यादीतली औषधं ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सगळ्या सरकारी रुग्णालयांत मोफत मिळायला हवीत. पण हातात पडतो तो घडीवर फाटत आलेला केसपेपर, त्यावर इंग्रजी आद्याक्षरं, आणि कात्रीने कापलेले पट्टीचे तुकडे किंवा कागदाच्या पुडीत सुट्या गोळ्या. नोकरीत होते तेव्हा अशा पुड्या रोज पाहिल्या. औषध तेच असतं, गुणही तोच येतो. विमानतळावरच्या कस्टमवाल्याला मात्र त्या पुडीत नाव नसलेल्या पांढऱ्या गोळ्या दिसतात, आणि आखातात नाव नसलेल्या गोळीला फार वाईट अर्थ आहे.

म्हणून पहिलं काम कागदाचं. त्याच कायद्याचं कलम २५ रुग्णाला आपल्या उपचाराची मूळ माहिती मागण्याचा हक्क देतं. साधा अर्ज करा आणि डॉक्टरांकडून रुग्णालयाच्या कागदावर इंग्रजीत पत्र घ्या. पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव, स्पेलिंगसकट. आजाराचं नाव. प्रत्येक गोळीचं मूळ औषधी नाव, किती मिलिग्रॅम, दिवसातून किती वेळा, किती महिने चालणार. खाली डॉक्टरांची सही, नोंदणी क्रमांक, शिक्का. पत्र जुनं झालेलं चालत नाही, जाण्याच्या आधीच्या दिवसांतलं ताजं लागतं. गर्दीच्या ओपीडीत हे पत्र मागितलं की "पुढच्या वेळी बघू" असं उत्तर मिळू शकतं. मागे हटू नका. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा, तिथल्या समाजसेवा अधीक्षकांना भेटा, पासपोर्टची झेरॉक्स बरोबर ठेवा. आणि नेण्यापुरत्या गोळ्या शक्यतो दुकानातून बिलासकट, न कापलेल्या पट्टीत घ्या. एवढ्या एका वेळी पैसे घालावे लागले तरी घाला.

औषधाचं मूळ नाव का, तर दुकानातलं नाव देश बदलला की बदलतं. इथली नेक्सिटो तिकडच्या दुकानदाराला कळेलच असं नाही. त्यातलं एस्सिटालोप्राम तो ओळखतो, आणि सिप्रालेक्स नावाचा डबा काढून देतो.

यातच एक छुपी गोष्ट आहे. आपल्याकडे दोन औषधं एकत्र केलेल्या गोळ्या फार चालतात. नावापुढे 'प्लस' लिहिलेलं असतं. नेक्सिटो प्लसमध्ये एस्सिटालोप्रामबरोबर क्लोनाझेपाम असतं. रिस्पेरिडोनच्या 'प्लस' गोळीत हात थरथरू नयेत म्हणून ट्रायहेक्सिफेनिडिल घातलेलं असतं. घेणाऱ्याला वाटतं आपली एकच साधी गोळी आहे. पण क्लोनाझेपाम, अल्प्राझोलाम, डायझेपाम, ट्रायहेक्सिफेनिडिल, तशीच दुखण्यावरची ट्रॅमाडॉल, नसांच्या दुखण्याची प्रेगाबालिन आणि कोडीनवालं खोकल्याचं औषध, ही सगळी संयुक्त अरब अमिरातीत नियंत्रित औषधं आहेत. नशेसाठी त्यांचा वापर होतो म्हणून. ती न्यायची तर तिथल्या सरकारची परवानगी निघण्याआधी ऑनलाइन काढावी लागते. डॉक्टरांचं पत्र, चिठ्ठी, पासपोर्ट जोडायचा. अर्जाला फी नाही, त्यामुळे "परवानगी काढून देतो, पाच हजार द्या" म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका. सौदीत हेच काम तिथलं अन्न व औषध प्राधिकरण करतं. प्रत्येक देशाची यादी वेगळी आणि ती बदलत राहते. आपल्या औषधाचं नाव घेऊन आपल्या देशाची यादी त्या महिन्यात पाहायची, शेजाऱ्याने मागच्या वर्षी नेलं होतं यावर जायचं नाही.

डॉक्टरांना वेळ मिळाला तर ते कधीकधी नियंत्रित गोळी हळूहळू कमी करून दुसऱ्या औषधावर आणू शकतात. तीन महिने म्हणते ते यासाठीच. महिन्याचं इंजेक्शन चालू असेल तर तेही आधी बोला. तिकडे ते कोण देणार हे ठरल्याशिवाय जाऊ नये.

दुसऱ्याच्या गोळ्या कधीच नेऊ नका. आपल्याकडे कुणी निघालं की अख्खी वाडी पिशव्या घेऊन येते. सोडे, लोणचं, पापड, आणि "माझ्या भावाला एवढ्या गोळ्या दे". चिठ्ठी भावाच्या नावाची, पासपोर्ट तुमचा. ते तुमचं औषध ठरत नाही. २०१९ साली मुंबईचं एक जोडपं नातेवाइकाने दिलेलं पाकीट घेऊन दोह्याला उतरलं, त्यात चरस निघाला, दहा वर्षांची शिक्षा झाली. निर्दोष सुटून घरी यायला २०२१ उजाडलं. अनारशावरची खसखससुद्धा अमिरातीत बंदी असलेली वस्तू आहे, हे आपल्या किती आयांना माहीत आहे?

मेडिकलची भीती

आखातात जाण्याआधी मुंबईत मेडिकल होतं. त्या देशांच्या नियमांत अनफिट ठरवणाऱ्या आजारांची यादी आहे आणि त्यात मनोविकारही आहेत. म्हणून मुलं मेडिकलच्या महिना-दोन महिने आधी गोळ्या सोडतात आणि विचारलं की "काही आजार नाही" म्हणतात. मला हा नियम पटत नाही. त्याच यादीत शुगर आणि बीपी 'ताब्यात नसेल तर' अनफिट आहे. मनाचा आजार ताब्यात असलेल्या माणसाला ती सवलत का नाही? पण नियम आहे, आणि खोटं लिहून गेलेल्या माणसाला तिकडे आजार उलटल्यावर डॉक्टरकडे जायची वाटही बंद होते. तो लपवतच राहतो.

तेव्हा एजंटाला पहिला रुपया देण्याआधी डॉक्टरांना विचारा, जावं का? वर्ष-दोन वर्षं स्थिर असलेल्या उदासीच्या रुग्णाला ते वेगळं उत्तर देतील, सहा महिन्यांपूर्वी भरती झालेल्याला वेगळं. स्थिर असल्याचं पत्र घेऊन मेडिकलला जाता येतं. निर्णय त्यांचा राहील. उत्तर 'नको' आलं तर निदान कर्ज काढून भरलेले पैसे तरी वाचतात. नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून कायद्याने ३०,००० रुपये आणि जीएसटी एवढंच घेता येतं. आपल्या वाड्यांत त्याच्या तिप्पट-चौपट दिलेली घरं मी पाहिली आहेत. तो पैसा अडकला की मग आजारी मुलगाही परत येतो म्हणू शकत नाही.

ऊन आणि लिथियम

हे मला कुठल्याच एजंटाच्या कागदात लिहिलेलं दिसलं नाही. बायपोलरसाठी लिथियम घेणारा माणूस उघड्यावर, पंचेचाळीस अंशांच्या उन्हात काम करायला गेला तर त्याचं रोजचंच औषध त्याला विष होऊ शकतं. घामावाटे पाणी आणि मीठ गेलं की रक्तातलं लिथियम वाढतं. आधी हात जास्त थरथरतात, मग उलट्या-जुलाब, तोल जाणं, जीभ जड होणं, गुंगी. कॅम्पमधले समजतात, ऊन लागलं किंवा दारू प्यायला. अंगदुखीवर सरसकट घेतली जाणारी आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅकही लिथियम वाढवतात. दुखलं तर पॅरासिटामॉल बरी. लिथियमवाल्याने जाण्याआधी रक्तातली पातळी, किडनी आणि थायरॉईड तपासून घ्यावं, तिकडे रक्त कुठं तपासता येईल ते विचारावं, आणि शक्य तर वर्कशॉपच्या आतलं काम मागावं. स्किझोफ्रेनियाच्या काही गोळ्या आणि ट्रायहेक्सिफेनिडिल यांनी घामच कमी येतो, त्यामुळे अंग तापत राहतं. अमिरातीत १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर काम करायला मनाई आहे. ही सुट्टी सावलीत, पाणी पिऊनच काढायची; त्या वेळात ओव्हरटाइमचं कुणी म्हटलं तरी नाही म्हणायचं.

नेलेल्या गोळ्या संपायच्या महिनाभर आधी तिकडचा डॉक्टर गाठायला हवा. इन्शुरन्स मालकाने काढलेला असतो, पण स्वस्त पॉलिसीत मनोविकाराचा उपचार असेलच असं नाही. करार हातात येतो तेव्हाच विचारा, आणि नसेल तर डॉक्टरची फी नि औषध धरून पगाराचा हिशेब मांडा. इथून कुरिअरने गोळ्या मागवणं हा उपाय नाही, ते पार्सल कस्टममध्येच उघडतं. घरकामाला जाणाऱ्या बायांनी तर आधीच ठरवून घ्यावं की गोळ्या आपल्याच ताब्यात राहतील आणि महिन्यातून एकदा डॉक्टरकडे जायला सुट्टी मिळेल.

शिष्यवृत्तीवर इंग्लंडला जाणाऱ्या आपल्या मुलामुलींचं पुष्कळ सोपं आहे. व्हिसाबरोबर आरोग्य अधिभार भरलेला असतो, पोहोचल्याच्या आठवड्यात जवळच्या जीपीकडे नाव नोंदवायचं, तेच पत्र दाखवायचं. पहिली भेट मिळायला वेळ लागतो, तेवढ्या गोळ्या हाताशी असाव्यात. लाज तिथं कमी वाटते, असं गेलेली मुलं सांगतात.

जाण्याआधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे. मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू असतो. मागे राहिलेल्या घरानेही कान उघडे ठेवायचे. फोनवर मुलगा एकदम भराभरा बोलू लागला, झोप येत नाही म्हणाला, खोलीतले आपल्यावर टपलेत म्हणाला, किंवा आठवडाभर फोनच नाही, तर "कामाचा ताण असेल" म्हणून सोडू नका. गोळी घेतो का, हे थेट विचारा. त्याच्या खोलीतल्या एका तरी माणसाचा नंबर आपल्याकडे हवा. अमिरातीत भारतीयांसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्र आहे. तिथला ८००४६३४२ हा मोफत क्रमांक तिकडूनच लागतो, तो त्याच्या फोनमध्ये निघण्याआधीच टाकून द्या. इथून परराष्ट्र खात्याच्या 'मदद' पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. तेव्हा पासपोर्ट क्रमांक विचारतात, कंपनीचं नाव-पत्ता विचारतात, आणि नेमकं त्याच वेळी घरात काही सापडत नाही. पासपोर्ट, व्हिसा, करार आणि डॉक्टरांचं पत्र, चारही कागदांची एकेक झेरॉक्स एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून रेशनकार्डाबरोबर ठेवा.