ओव्हरलॉकला ‘अन्डू’ नसतं, बॉस!

तुमच्या टी-शर्टची शिवण आतून बघा. कडेला दोऱ्यांची जाळी दिसते ना? ती ओव्हरलॉकची कमाल! जपानमध्ये १९६४ साली ‘बेबी लॉक’ हे घरगुती मॉडेल आलं. मी मात्र पिंपळे सौदागरच्या टेलरकाकांकडून जुनं, दुकानातलं, तीन दोऱ्यांचं मशीन घेतलंय. बॉबिनची भानगड नाही. लूपर कडेवर दोरा गुंफतात, सुरी जादा कापड छाटते.

ओवायचा क्रम पक्का : आधी वरचा लूपर, मग खालचा, सुई शेवटी. काकांची टिप झक्कास! जुना दोरा काढायचाच नाही, त्याला नवा गाठवून ओढून घ्यायचा. टाचण्या सुरीपासून लांब ठेवायच्या. सध्या आईच्या साडीचा कुर्ता शिवतेय. छाटलेलं कापड परत येत नाही, म्हणून आधी चिंधीवर ट्रायल. दर वेळी!