सोडून देण्यासाठी धरलेला मासा

मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणण्याची पद्धत आहे. साहेबाने आपल्या आठवणीतल्या माशाचे नाव इथल्या माशाला देऊन टाकले, एवढाच त्याचा अर्थ. दोघांचे नाते काही नाही. रावस खाडीचा आणि किनाऱ्याचा. सॅमन नदीत जन्मतो, समुद्रात वाढतो आणि विणीसाठी पुन्हा आपल्याच नदीत येतो. मोठ्या हॉटेलांत ताटात येणारा सॅमन तर बहुधा पिंजऱ्यात वाढवलेला असतो. त्याने नदी पाहिलेलीच नसते. नदीचा सॅमन कसा असतो आणि तो धरायला पोरांना कसे शिकवतात, हे पाहण्याचा योग मला दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात स्कॉटलंडमध्ये आला.

माझा भाचा ॲबर्डीनला तेलाच्या धंद्यात आहे. त्याच्या तेरा वर्षांच्या मुलाने मासेमारीचा ध्यास घेतला होता. ॲबर्डीनपाशी समुद्राला मिळणारी डी नदी ही सॅमनची नावाजलेली नदी. केर्नगॉर्म डोंगरात उगम पावून ती बॅल्मोरलच्या राजवाड्याजवळून वाहत येते. तिथे सॅमन धरायला सरकारी परवाना लागत नाही, पण हक्क खाजगी मालकीचा असतो आणि मालकाची परवानगी घ्यावीच लागते. चांगल्या जागेचे एका दिवसाचे भाडे ऐकून आपले डोळे पांढरे होतील. सुदैवाने एका स्थानिक मंडळाने मुलांसाठी एक दिवस मोफत ठेवला होता. काठ्या, रबरी बूट, सगळे त्यांचेच. पोराला रविवार हवा होता. पण स्कॉटलंडमध्ये रविवारी सॅमन धरणे हा कायद्याने गुन्हा आहे. शनिवार ठरला.

सात मुले होती. शिकवायला सत्तरीकडे झुकलेला एक गिली. गिली म्हणजे नदीचा राखणदार आणि गळ टाकणाऱ्याचा वाटाड्या. गॅलिक भाषेत या शब्दाचा मूळ अर्थ ‘पोरगा’ असा आहे. हे सांगून म्हातारा हसला. म्हणाला, “मला आजोबांनी आणलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तेव्हा हे नाव मला शोभत होतं.”

पहिला तासभर त्याने काठीला हातच लावू दिला नाही. गुडघाभर पाण्यात उतरवून एकेकाला दगड उलटायला लावले. दगडाखाली चिकटलेल्या बारीक अळ्या दाखवल्या. या अळ्या असल्या की पाणी चांगले, या गेल्या की समजावे काही तरी बिघडले. मग पाणी वाचायला शिकवले: धार कुठे संथ होते, दगडाआड विसावा कुठे, डोहाची शेपटी कुठे. मग अंगात तरंगजाकीट चढवून वाहत्या पाण्यात पाय कसा रोवायचा ते. काठी हातात आली ती हिरवळीवर, आणि तीही दोरीच्या टोकाला गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधून. काठी लांब, दोन्ही हातांनी धरायची. मागे झाडे असली तर दोरी मागे फेकता येत नाही, म्हणून ती पाण्यावरच वळवून पुढे सोडायची. शेजारच्या स्पे नदीवर ही रीत निघाली आणि तिचेच नाव तिला पडले. फेकायचे, प्रवाहाबरोबर दोरी काठाशी येऊ द्यायची, दोन पावले खाली सरकायचे, पुन्हा फेकायचे. हेच दिवसभर.

गळाला किडा-गांडूळ काही नाही. पिसे आणि रंगीत धागे बांधून केलेली खोटी माशी. त्यात गंमत अशी, की समुद्रातून नदीत शिरल्यावर सॅमन खाणे सोडतो. महिनोन् महिने अंगातल्या चरबीवर काढतो. मग भूक नसलेला मासा खोट्या माशीला तोंड का लावतो? आमच्या पोराने विचारलेच. गिली म्हणाला, “ते कळलं असतं तर मला पगार कोणी दिला असता?”

जेवणाच्या सुट्टीत त्याने जॉर्जिना बॅलंटाइनची गोष्ट सांगितली. १९२२ च्या ऑक्टोबरात टे नदीवर, नावाडी असलेल्या वडिलांबरोबर होडीत बसून तिने ६४ पौंडांचा सॅमन धरला. झुंज दोन तासांवर चालली. शंभर वर्षे उलटली, पण ब्रिटनमध्ये गळावर धरलेल्या सॅमनचा तो विक्रम आजही तिच्याच नावावर आहे. मुले डोळे विस्फारून ऐकत होती. मग त्याने नियम सांगितला: आज कोणाला मासा लागलाच, तर तो पाण्याबाहेर काढायचा नाही. हात ओले करून, तोंड प्रवाहाकडे करून धरायचा, आणि त्याने शेपटी हलवली की सोडायचा.

रात्री फोनवर हे ऐकून पुण्याहून माझी बहीण, म्हणजे पोराची आजी, वैतागली. “सोडायचाच असेल तर धरायचा कशाला? खाण्यासाठी मारला तर समजू शकते. मुक्या जिवाच्या तोंडात खेळ म्हणून आकडा अडकवायचा, हे काय शिक्षण?”

प्रश्न तिने भाबडेपणाने विचारलेला नव्हता, आणि तो झटकून टाकण्यासारखाही नाही. सोडलेल्या माशांपैकी थोडे मरतातच. शिवाय मासा आता उरलाच किती? स्कॉटलंडमध्ये गळावर धरलेल्या सॅमनची नोंद १९५२ पासून ठेवली जाते. २०२३ चा आकडा त्यातला सर्वांत कमी, सुमारे ३३,०००. त्याच वर्षीच्या डिसेंबरात ब्रिटनमधला सॅमन धोक्यात आलेल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला. डीला मिळणाऱ्या गर्नॉक नावाच्या ओढ्यावर १९६६ पासून येणारा-जाणारा मासा मोजतात. तेव्हाच्या मानाने आता विणीला येणाऱ्या माद्या अगदीच थोड्या. कारणे अनेक. समुद्र तापतो आहे, तिथले खाद्य हलले आहे. बंधाऱ्यांनी वाटा अडवल्या. पिंजऱ्यातल्या माशांवरच्या उवा बाहेरच्या पिलांना धरतात. डोंगरउतारावरची झाडी गेल्याने ओढ्यांवर सावली राहिली नाही. उन्हाळ्यात पाणी २३ अंशांच्या वर गेले की पिलांना सोसवत नाही.

मग अशा माशाच्या वाटेला पोरांना न्यावेच कशाला? मी गिलीला हेच विचारले. तो म्हणाला, “ज्यानं त्याला हातात धरलेलं नाही, तो त्याच्यासाठी भांडणार नाही.”

वाक्य टाळीचे आहे, पण त्याला इतिहासाचा आधार आहे. इंग्लंडमध्ये १९४८ साली जॉन ईस्टवुड नावाच्या बॅरिस्टरने गळ टाकणाऱ्यांची एक संस्था काढली, ती नद्या घाण करणाऱ्यांना कोर्टात खेचण्यासाठी. डर्वेंट नदीवरच्या एका मासेमारी क्लबाने कापडधाग्याचा मोठा कारखाना आणि थेट डर्बी शहराची नगरपालिका यांच्यावर दावा लावला. १९५२-५३ मध्ये निकाल क्लबाच्या बाजूने लागला. सांडपाणी सोडण्याला मनाई झाली. अपिलातही ती टिकली. नदी नासली हे शहरात हजारोंना दिसत असेल. पण ते आपले नुकसान आहे असे वाटून कोर्टाची पायरी चढले, ते आठवड्याला तिच्या काठावर बसणारे लोक. आज डीच्या उगमाकडल्या ओढ्यांवर पुन्हा झाडे लावली जात आहेत, त्यामागेही सॅमनचे हेच वेड आहे. गिलीची चिंता मासा कमी झाला एवढीच नव्हती; काठावरची डोकी पांढरी होत चालली, याचीही होती. मासा गेला तर गळवाले जातील, हे उघड आहे. गळवाले आधी गेले, तर मासा गेल्याचे सांगायलाही कोणी उरणार नाही.

त्या शनिवारी सातांपैकी एकालाही सॅमन लागला नाही. सहाच्या सुमारास आमच्या पोराची दोरी थरथरली. ओढून पाहतो तर बोटाएवढे पिल्लू. पोर हिरमुसले. गिली मात्र पाण्यात गुडघे टेकून बसला. पिलाच्या कुशीवर बोटांचे ठसे उमटावेत तसे करडे डाग होते. “हा सॅमनच,” तो म्हणाला. “हे डाग जातील, अंगाला चांदी चढेल, मग हा ग्रीनलंडकडे जाईल. जगला-वाचला तर ह्याच पाण्याचा वास घेत परत येईल. तेव्हा तू मिशीवाला झालेला असशील.” पोराने हात ओले केले, पिल्लू ओंजळीत धरले आणि हळूच सोडले. गाडीत बसेपर्यंत ते एक शब्द बोलले नाही.

मी मात्र फार मागे गेलो होतो. कोकणात आमच्या गावी मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला की वहाळातून चढणीचे मासे वर येत. रात्री कंदील घेऊन, इरले पांघरून, आम्ही पोरे थोरांच्या मागोमाग जायचो. टोपल्या भरायच्या. जवळजवळ प्रत्येक मादीत गाबोळी, आणि तिचेच आम्हाला कौतुक. तो मासाही सॅमनसारखा विणीसाठीच पाण्याविरुद्ध चढत होता, हे आम्हाला कोणी सांगितले नाही. राखण्याची रीत आपल्याकडे नव्हती असे नाही. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीतले मासे लोकांनी देवीचे म्हणून राखले आहेत. पण देवाचा धाक डोहापुरता. वहाळाला तो नव्हता. आता आमच्या वहाळात चढण जवळपास थांबली आहे. त्याहून वाईट म्हणजे ती थांबल्याचे गावातल्या तेरा वर्षांच्या पोरांना ठाऊकच नाही, कारण त्यांना रात्री कंदील घेऊन तिथे कोणी नेलेलेच नाही.

बहिणीला मी एवढेच सांगितले, की तुझ्या नातवाने दिवसभरात बोटाएवढा मासा धरला आणि सोडला. ती म्हणाली, “मग मिळालं काय त्याला?” परवा त्या पोराचा फोन आला. ह्या वर्षी पाणी फार खाली गेले आहे, आजोबा, म्हणून तो तक्रार करीत होता. कुठल्या नदीचे, हे त्याने सांगितले नाही. मीही विचारले नाही.