सुवार्तेशी इमान : रोजच्या जगण्यातली साक्ष



मागच्या वेळी आपण ‘श्रद्धा आणि ज्ञान’ हा विषय घेतला होता. आजचा विषय त्याच्याच पुढचा आहे. जे आपण मानतो ते रोजच्या जगण्यात दुसऱ्याला सांगायचं कसं, आणि सांगताना त्याच्याशी इमान कसं राखायचं?

सुरुवात आमच्याच एका चुकीपासून करतो. आम्ही कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवत होतो तेव्हाची गोष्ट. एका सहकाऱ्यांचा तरुण मुलगा अपघातात गेला. महिन्याभराने ते कामावर आले. स्टाफरूममध्ये आम्ही दोघेच होतो. त्यांनी विचारलं, “सर, मरणानंतर काय, याबद्दल तुमच्यात काय सांगतात?” झालं, आम्ही सुरू झालो. आत्म्याच्या अमरत्वाविषयी प्लेटोचे युक्तिवाद, त्यांवरचे आक्षेप, मग कांट. वीस मिनिटं बोललो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि उठताना म्हणाले, “सर, मी तुम्हाला विचारलं होतं. प्लेटोला नाही.”

आम्ही खोटं काहीच बोललो नव्हतो. मग चुकलं कुठे? आज तेच पाहू.

पहिला प्रश्न, सांगायचं नेमकं काय? ‘सुवार्ता’ हा शब्द नीट पाहा. वार्ता म्हणजे बातमी. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही चांगली बातमी असाच आहे. सल्ला म्हणतो, ‘तू असं कर.’ बातमी म्हणते, ‘असं घडलं आहे.’ पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या १५ व्या अध्यायात या बातमीचा गाभा दिला आहे. ख्रिस्त आपल्या पापांसाठी मरण पावला, त्याला पुरण्यात आलं, तिसऱ्या दिवशी तो पुन्हा उठला आणि अनेकांना दिसला. हे पत्र इ.स. ५५ च्या सुमाराचं आहे. पौल तिथे स्पष्ट सांगतो की हे मी रचलेलं नाही. मला जे मिळालं तेच मी तुमच्या हाती दिलं.

आता या गाभ्याशी बेइमानी दोन प्रकारे होते. एक, वजाबाकी. लोकांना अवघड वाटेल म्हणून क्रूस आणि पुनरुत्थान बाजूला ठेवायचं आणि ‘सगळ्यांशी प्रेमाने वागा’ एवढंच उरवायचं. हे चांगलंच आहे, पण तो सल्ला झाला, बातमी राहिली नाही. दुसरी, बेरीज. ‘विश्वास ठेवा, नोकरी लागेल, आजार जाईल’ अशी आश्वासनं जोडायची. पौलाच्या काळातही बेरीज करणारे होते. गलतीकरांच्या मंडळीत काही जण म्हणत होते की यहुदी नसलेल्यांनी सुंताही करून घ्यायला हवी. पौल त्या पत्रात किती संतापलाय ते पाहा.

दुसरा प्रश्न, सांगणारा कसा असावा? इथे आपल्याच मातीतलं न्यायदर्शन मदतीला येतं. नैयायिक चार प्रमाणं मानतात, त्यांतलं एक शब्दप्रमाण, म्हणजे विश्वासार्ह माणसाचं सांगणं. असा माणूस तो ‘आप्त’. वात्स्यायनाने न्यायसूत्रांवरच्या भाष्यात आप्ताची ओळख दिली आहे. त्याला ती गोष्ट स्वतः ठाऊक असते, आणि जशी ठाऊक आहे तशीच सांगावी अशी त्याची इच्छा असते. वात्स्यायन असंही म्हणतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ यांना सारखंच लागू आहे. म्हणजे आप्त होण्यासाठी जात, पदवी, कुळ लागत नाही.

ही कसोटी स्वतःला लावून पाहा. सांगतोय ते आपण अनुभवलंय का, की फक्त वाचलंय? ते जसंच्या तसं सांगतोय का, की ऐकणाऱ्याला खूश करायला, नाहीतर आपला आकडा वाढवायला? ही परीक्षा व्यासपीठावर होत नाही. दूधवाल्याचा हिशेब, शेजाऱ्याशी भिंतीचा वाद, घरी काम करणाऱ्या बाईंना दिलेली रजा, तिथे होते. लोक आधी माणूस पारखतात, मग त्याची बातमी ऐकतात.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा १८ वा अध्याय घ्या. अक्विला आणि प्रिस्किल्ला हे जोडपं तंबू बनवणारं होतं. पौलही तोच धंदा जाणत होता, म्हणून करिंथमध्ये त्यांच्याकडे राहून काम करत होता. पुढे इफिसात अपुल्लो नावाचा मोठा वक्ता त्यांनी ऐकला. त्याचं सांगणं अपुरं होतं. त्यांनी त्याला सभेत अडवलं नाही. आपल्याकडे नेलं आणि राहिलेलं नीट समजावून दिलं. गाभ्याशी इमान राखलं आणि माणसाचा मानही.

आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं. १८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्याशी संस्कृत काव्यावर गप्पा मारल्या आणि शेवटी नवा करार हाती दिला. १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. पण लक्ष्मीबाईंना ही बातमी पटायला काही वर्षं गेली, आणि त्या वर्षांचं दुःख त्यांनी ‘स्मृतिचित्रे’त मोकळेपणाने लिहिलंय. नवऱ्याचा धर्म म्हणून त्यांनी तो घेतला नाही. आधी जातिभेद मनातून गेला, मग बाप्तिस्मा. टिळकांनी पुढे अभंग-कीर्तनाच्या रीतीने ख्रिस्त सांगितला, आणि १९१७ साली मिशनचा पगार सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. पोशाख, भाषा, चाल हे सगळं बदललं. बातमी बदलली नाही. आणि पगार सोडल्यावर ‘हा पैशासाठी बोलतो’ म्हणायला जागा उरली नाही.

एका श्रोत्यांनी प्रश्न पाठवलाय : “ऑफिसात बोलावं की गप्प राहावं?” पेत्राच्या पहिल्या पत्राच्या ३ ऱ्या अध्यायात याचं उत्तर आहे. तुमच्या आशेचं कारण कोणी विचारलं तर सांगायला तयार राहा, पण सौम्यतेने आणि आदराने. म्हणजे विचारावंसं वाटेल असं आधी जगा. विचारलं तर टाळू नका. हाताखालच्या माणसावर तर कधीच लादू नका, कारण साहेबाला ‘नाही’ म्हणायची सोय त्याला नसते. आणि समोरच्याने नको म्हटलं, तर त्याच्याशी वागणं तसूभरही बदलू नका. बदललं तर ती बातमी नव्हती, सौदा होता.

आता आमच्या त्या सहकाऱ्यांकडे येऊ. त्यांना काय सांगायला हवं होतं? आम्हाला वाटतं, दोनच वाक्यं पुरली असती. ‘ख्रिस्त मेलेल्यांतून उठला असं मी मानतो, म्हणून तुमच्या मुलाची गोष्ट तिथे संपली असं मला म्हणता येत नाही. पण तुमचं दुःख यामुळे कमी होईल असं मी म्हणणार नाही.’ आणि मग गप्प बसून राहायचं, घंटा होईपर्यंत.

हे आम्हाला तेव्हा ठाऊक होतं. सांगायचा संकोच वाटला, म्हणून प्लेटोच्या आड लपलो. तुम्ही लपू नका, एवढंच आजचं सांगणं.

पुढच्या वेळी ‘क्षमा’ हा विषय घेऊ.