प्लेथोरा म्हणजे नुसतं ‘भरपूर’ नव्हे

कंपन्यांच्या माहितीपत्रकांत ‘अ प्लेथोरा ऑफ सर्व्हिसेस’ हमखास सापडतं. लिहिणाऱ्याला सांगायचं असतं, आमच्याकडे सेवांची रेलचेल आहे. चोखंदळ वाचकाला मात्र त्यात सेवांचा सुळसुळाट दिसू शकतो.

त्याचं कारण असं, की हा शब्द वैद्यकातून आला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ भरलेपणा. दुसऱ्या शतकातल्या गेलेनच्या वैद्यकात अंगात फाजील रक्त साठणं म्हणजे प्लेथोरा. चेहरा लालबुंद, डोकं जड, नाडी भरलेली दिसली, की शीर कापून रक्त काढायचं! आपल्याकडे सुश्रुतानेही जळवा लावून रक्तमोक्षण सांगितलं, पण ते दूषित रक्तासाठी. युरोपात रक्त ‘जास्त झालं’ एवढं कारणही पुरायचं. हे शतकानुशतकं चाललं. घशाच्या आजाराने जॉर्ज वॉशिंग्टन १४ डिसेंबर १७९९ रोजी गेले, त्या दिवशी त्यांचं रक्त पुनःपुन्हा काढलं होतं, आणि सुरुवात त्यांच्याच आग्रहावरून झाली होती. पुढे १८३५ मध्ये पॅरिसच्या पिएर लुई या डॉक्टरांनी रुग्णांच्या नोंदी मोजून दाखवलं, की न्यूमोनियात या उपायाचा गुण फारच थोडा येतो.

म्हणून हा शब्द डॉक्टरांनी टाकून दिला असं समजू नये. कुशिंग सिंड्रोममध्ये चेहऱ्यावर येणाऱ्या लालीला ते आजही फेशियल प्लेथोराच म्हणतात. पॉलिसायथेमिया व्हेरा या आजारात तांबड्या पेशी खरोखरच वाढतात. तिथे हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण, ४५ टक्क्यांच्या खाली ठेवण्यासाठी आजही रक्त काढतात.

आता उलट्या बाजूचा गैरसमज. ‘भरपूर’ या अर्थी प्लेथोरा वापरणं चूकच, असं काही व्याकरणप्रेमी ठणकावून सांगतात. तसं नाही. शब्दकोशांनी आता ‘विपुलता’ हा अर्थही नोंदवला आहे. तरी मी तो अर्जांच्या, नियमांच्या, पासवर्डांच्या गर्दीसाठी राखून ठेवीन. स्वतःच्या मालाची तारीफ करायला इंग्रजीत ‘अबन्डन्स’ आहे, ‘वेल्थ’ आहे. त्यांत जास्त झाल्याचा वास नाही.

आणि उच्चार? बरेच जण मधल्या ‘थो’वर जोर देतात. इंग्रजीत जोर पहिल्या अक्षरावर येतो आणि ‘थो’ आखूड होतो, साधारण ‘प्लेथरा’सारखा.